मी माश्या बांधतो

आज गटारी. दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर कडीला आणखी एक पिशवी लटकत होती. आत वर्तमानपत्राच्या पुडीत पिसं. मानेची तांबडी, शेपटाकडची काळी-हिरवी आणि बरीचशी निरुपयोगी पांढरी. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ठेवली असणार. उद्यापासून श्रावण, म्हणून आज कर्जतच्या आमच्या भिसेगावात घरोघरी कोंबडा शिजणार आणि त्यांतल्या तीन-चार घरांची पिसं संध्याकाळपर्यंत माझ्याकडे येणार. हा माणूस पिसांचं करतो काय, असं आता कोणी विचारत नाही. ज्या पावसाळ्यात विचारत होते आणि हसत होते, तो वेगळा. दरवर्षी पहिली पुडी उघडली की तो सगळा पावसाळा बाहेर येतो, त्याच्या ओल्या वासासकट.

मी माश्या बांधतो. हे वाक्य मी मुद्दाम असंच लिहितो. गळानं मासे धरणारे काही लोक गांडुळाऐवजी खोटी माशी वापरतात. बारीक गळावर दोरा गुंडाळायचा, त्यात लोकर आणि पीस अडकवायचं, शेवटी गाठ मारायची. ती पाण्यावर पडली की माशाला वाटतं किडा पडला. या कामाला इंग्रजीत ऐटदार नाव आहे. ते घेतलं की समोरचा 'अरे वा!' म्हणतो. मराठीत सांगितलं की हसतो, कारण आपल्याकडे ज्याला काम नाही तो माश्या मारतो, आणि मारणं काय नि बांधणं काय, ऐकणाऱ्याला सारखंच. मला सारखं नाही. म्हणून नाव मराठीच. हसायचं त्यानं हसावं.

त्या वर्षी ज्येष्ठात मी मोटारसायकलची साखळी पुसत होतो. इंजिन चालू, मागचं चाक फिरतंय, हातात फडकं. खोपोलीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये मापं तपासत ज्याची वर्षानुवर्षं गेली त्यानं हे करू नये. केलं. फडकं साखळीत गेलं आणि फडक्यामागून बोटं गेली. उजव्या तर्जनीचं नखापर्यंतचं टोक गेलं. मधलं बोट शिवून वाचवलं, पण ते ताठर झालं, आणि त्याच्या शेंड्याला काही कळेना. गरम चहाचा कप आणि थंड पाण्याचा पेला, दोन्ही त्याला एकच.

माझं काम सगळं बोटांचं. मायक्रोमीटर किती फिरवला की थांबायचं हे डोळ्यांना दिसत नाही, ते बोटाला लागतं. आणि टूलरूममध्ये एक याहून अवघड काम असतं, स्लिप गेज चिकटवायचं. स्लिप गेज म्हणजे आरशासारखे घासलेले पोलादी ठोकळे. एकावर एक ठेवून नेमक्या दाबानं सरकवले, की ते एकमेकांना धरतात. डिंक नाही, चुंबक नाही. दाब कमी पडला तर सुटतात, कण मध्ये आला तर चरा पडतो आणि ठोकळा बाद. किती दाबायचं हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नाही. वीस मिलिमीटरवर दहा, त्यावर दीड, असे ठोकळे चढवून हवं ते माप उभं करायचं आणि बाकीची सगळी हत्यारं त्या मापाशी ताडून बघायची.

साहेब घरी भेटायला आले. माझ्याहून वयानं लहान, मनानं चांगले. चहा घेता घेता म्हणाले, "काका, अजिबात काळजी करू नका. गेटवर जागा आहे. खुर्ची आहे, पंखा आहे. आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या बघायच्या. पगार हाच."

"आणि टूलरूम?"

"आता कशाला तो ताण? आराम करा."

माझी बायको सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा एकदम सैल झालेला मला दिसला. तिला दोष नाही. नोकरी राहिली, हेच तिच्या दृष्टीनं मोठं होतं. गेटवरच्या कामालाही मला नावं ठेवायची नाहीत, ते करणारे मन लावून करतात. पण ते माझं काम नव्हतं, आणि माझ्यासाठी ते कोणीतरी दयेनं शोधून काढलं होतं. चांगल्या माणसानं प्रेमानं दिलेली खुर्ची नाकारणं फार कठीण. रागावलेल्या साहेबाशी मी जास्त सहज भांडलो असतो.

"खंडेनवमीपर्यंत थांबा," मी म्हणालो. "त्या दिवशी टूलरूममध्ये येतो. पूजा झाली की तुमच्यासमोर स्लिप गेज चिकटवून दाखवतो. जमलं तर माझी जागा माझी. नाही जमलं तर बसतो गेटवर, एक शब्द बोलणार नाही."

साहेब हसले. "बरं काका. तुमच्या समाधानासाठी."

ते 'तुमच्या समाधानासाठी' मला महिनोन्‌महिने पुरलं.

कर्जतला फिजिओथेरपी करणारी मुलगी हुशार होती. तिनं बोटांचे व्यायाम दिले आणि म्हणाली, घरी मणी ओवा, वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाका. मी टाकले. प्रामाणिकपणे टाकले. पण वाटाण्यात चूक होत नाही. पडला तर उचलायचा, एवढंच. मला असं काम हवं होतं की बोट चुकलं तर ते तिथल्या तिथे दिसावं. माळ्यावर माझी गळाची कांबट, म्हणजे बांबूची काठी, आणि एका डबीत जुन्या विकतच्या माश्या होत्या. त्यांतल्या निम्म्या नदीत दोन-चार वेळा टाकल्यावर उसवलेल्या. एक घेऊन ब्लेडनं उलगडली. दोरा, पीस, लोकर, गळ. मनात म्हटलं, हे बोटांनीच केलंय ना?

ऑनलाइन पाच हत्यारांचा संच मागवला. चकचकीत, पिवळाधमक. टेबलावर मांडला आणि कारखान्यात आलेला माल तपासतात तसा तपासला. पाचांतली तीन नापास.

सगळ्यात महत्त्वाचा व्हाइस, म्हणजे गळ धरून ठेवणारा जबडा. गळ लावून अंगठ्यानं हलकं दाबलं तर गळ खाली झुकला. जबड्याच्या आतल्या बाजूला शाई पुसली, कागद धरून आवळला आणि उघडला. शाई कागदावर एकाच कोपऱ्यात उठली. म्हणजे दोन ओठांचे फक्त कोपरे भेटत होते आणि गळ त्या कोपऱ्यांवर तरंगत होता. बारीक कानस घेतली, डाव्या हातात. उजवा फक्त टेकू. घास, शाई लाव, कागद धर, बघ. डाग हळूहळू कोपऱ्यातून मधे आला, मग पसरला, मग सगळ्या ओठाभर झाला. त्या दिवशी मला अपघातानंतर पहिल्यांदा भूक लागली.

दुसरं, दोऱ्याचं रीळ धरणारी चिमटी. हिला पुढे सुईसारखी नळी असते, दोरा त्यातून उतरतो. नळीचं तोंड खरखरीत असेल तर दोरा कुरतडला जातो आणि आपण आपल्या हाताला दोष देत बसतो. परीक्षा सोपी. कापूस फिरवायचा. तंतू अडकला की नळी नापास. अडकला. तोंड पॉलिश केलं. मग ताण. माझा दोरा वजनकाट्याला अडकवून ओढला तर साधारण किलोभराला तुटत होता. चिमटीचे पाय वाकवून मी असं बसवलं की तीनशे ग्रॅमला दोरा उतरायला लागेल, आणि हात सोडला तर चिमटी नुसती लटकत राहील. मधला सातशे ग्रॅमचा सगळा प्रांत माझ्या मधल्या बोटाचा. तिथं रिळावर दाबून कितपत ओढायचं ते त्यानं ठरवायचं.

पिसाचा चिमटा फार जोरात चावत होता, पिसाचा देठच कापला जायचा. त्याच्या ओठांवर सायकलची वॉल्व्ह-ट्यूब चढवली. संचात नव्हतं ते घरी जमवलं. वार्निश लावायची टोचणी म्हणजे बांबूच्या काडीत बसवलेली सुई. वार्निश म्हणजे सुनंदाचं बिनरंगी नेलपॉलिश. गाठ सरकवायला शाई संपलेल्या बॉलपेनची नळी. आणि कात्री?

कात्रीवरून घरात जे झालं ते लिहायलाच हवं. सुनंदा ब्लाउज शिवते. तिच्याकडे एक छोटी टोकदार कात्री आहे, काजाबटणांची. तिला घरात कोणी हात लावत नाही. मी लावला. आणि माशीच्या अंगावर गुंडाळायची तांब्याची तार तिच्या टोकानं कापली.

संध्याकाळी शिलाई मशीनवरून आवाज आला, "अहो, इकडे या."

गेलो. तिनं कात्री उजेडाकडे धरली होती. टोकाच्या जरा मागे, पात्याला केसाएवढी खाच.

"हे काय?"

"शून्य दशांश एक मिलिमीटरची असेल," मी म्हणालो. आजही सांगतो, त्या प्रश्नाला याहून वाईट उत्तर नव्हतं.

"माप विचारलं नाही मी. कोणी केलं ते विचारलं."

ती खाच मी तेलदगडावर काढून दिली. दोन दिवस लागले. तेव्हापासून नियम आहे. तार कापायला जुनी बोथट कात्री, तीही बुडख्याशी. दोरा आणि पीस कापायला बारीक कात्री, फक्त टोकानं. आणि सुनंदाच्या कात्रीकडे बघायचंसुद्धा नाही.

पहिली माशी तयार झाली ती तिला दाखवली. तिनं चष्मा चढवून नीट पाहिली. "न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता निघतो ना, तसं दिसतंय." मग जरा थांबून म्हणाली, "पण टाके घट्ट आहेत." ही पावती छोटी नव्हती. सुनंदा सैल टाका उसवल्याशिवाय सोडत नाही.

आता त्या गटारीचं. मला पिसं हवी होती, आणि गटारीइतकी पिसं वर्षात कधी निघत नाहीत. खालापूरजवळ कुंभिवलीला दिलेली माझी थोरली बहीण, आक्का, तिच्याकडे तांबडा कोंबडा होता. मानेची पिसं अशी की उन्हात पितळेसारखी चमकायची. मी फोन केला. कुठंतरी वाचलं होतं की मानेचं कातडंच पिसांसकट काढून मीठ लावून वाळवावं, म्हणजे पिसं आकारानुसार हाताशी राहतात. तसं सांगितलं. आक्कानं भाच्याकडून कातडं पाठवलं. मीठ मी तोलून लावलं, फळीवर खिळ्यांनी ताणलं आणि गॅलरीत ठेवलं.

जिथं हे लिहिलं होतं तिथं पाऊस नसणार. कर्जतला श्रावणात मिठालाच पाणी सुटतं. दोन दिवसांनी वास, तिसऱ्या दिवशी माश्या. खऱ्या. काळ्या, निळ्या, हिरव्या, सगळ्या मापांच्या. नेमका श्रावणी सोमवार, सुनंदाचा उपास, देवापुढे बेलाची पानं, आणि गॅलरीतून कोंबड्याचा दरवळ.

तिनं नाकाला पदर लावून वर्तमानपत्राची गुंडाळी माझ्या हातात दिली. "घ्या. आता मारा माश्या."

मारल्या. तासभर मारल्या. तेवढ्यात भाच्याबरोबर आक्का आली, पावसात भिजून, हातात भोपळ्याच्या कोवळ्या पानांची जुडी. मला तशा अवस्थेत पाहून दारातच उभी राहिली.

"का रं? ह्ये काय चाललंय?"

"काही नाही गं आक्का."

"काय नाय कसं? गावात लोकं इचारतात, तुजा भाव काय करतो? मी सांगते आजारी हाय. आनी हितं येऊन बगते तं खरंच माश्या मारतोय!"

सुनंदा उपासाचं विसरून इतकी हसली की खाली बसली. आक्काही हसली. मीही. पण हसणं संपल्यावर आक्का माझ्याजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सायेब देतायत ना खुर्ची? मग घे ना रं. एवड्या हट्टानं काय हाताला बोट फुटनार हाय?"

"बोट नको मला. उरलंय त्याला कळायला हवं."

"तुमी शिकलेली लोकं," ती म्हणाली, आणि कातड्याची फळी उचलून स्वतःच कचऱ्यात टाकून आली. जाताना मात्र सांगून गेली, "कातडं नको मागू. कोंबडं पिसं झाडतं तवा येचून ठेवीन. धुऊन घे रं पन, बाबा."

सुनंदानं निकाल दिला, पिसं श्रावणात घरात नकोत, गॅलरीत चालतील. मी म्हणालो, पीस कोणी खात नाही. ती म्हणाली, माशीही कोणी खात नाही, तरी वरणात पडली की वाटी ओततोच ना? पिसं रिठ्याच्या पाण्यात धुतली, चाळणीत पसरून तिच्या हेअर-ड्रायरनं वाळवली आणि गॅलरीतच बस्तान मांडलं. कठड्यापलीकडे पाऊस, नदी गढूळ, मासे धरायचा प्रश्नच नाही. महिनाभर घरात मासा शिजणार नाही. आणि मी मासे धरायची हत्यारं घेऊन बसलेलो. रस्त्यावरून जाणारे वर बघायचे.

"काका, काय चाललंय?"

"माश्या बांधतोय."

"मारताय?"

"बांधतोय!"

हा संवाद त्या श्रावणात इतक्या वेळा झाला की शेवटी मी तो मोठ्यानं, खणखणीत करायला लागलो. पलीकडच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्यांनाही ऐकू जाईल असा.

गंमत म्हणजे हात बरा नसल्याचं कळलं की जो तो म्हणतो, बसून राहा. प्रेमानं म्हणतात. आणि खरंच बसून राहिलं तर हसतात. मी बसलेलाच होतो. फक्त बसल्या बसल्या मी एक रेघ आखली होती, तीनशे ग्रॅमपासून किलोपर्यंत, आणि त्या रेघेवर माझं बोट रोज मागे-पुढे चालत होतं. सुरुवातीला दोरा सारखा तुटायचा. तुटला की टचकन आवाज, आणि बांधलेलं सगळं सुटून गळ उघडा. तुटू नये म्हणून हात सैल सोडला तर पीस गळाभोवती गोल फिरायचं. दोन्ही चुका डोळ्यांसमोर. वाटाण्यांनी मला कधी इतकं खरं सांगितलं नव्हतं.

मग गौरी-गणपती येऊन गेल्यावर कधीतरी, पीस गुंडाळून दोरा आवळत होतो. आवळला, आणखी आवळला, आणि थांबलो. का थांबलो ते मला कळलं नाही. रिळावरचं बोट तसंच ठेवून चिमटी काट्याला अडकवून बघितली. साडेनऊशेच्या आसपास. दोरा तुटायच्या एक पाऊल अलीकडे. बोटाला आधी कळलं होतं आणि मला मागून. मी आत जाऊन चहाच्या कपाला ते बोट लावलं. गरम. आतून कोमट झणझणल्यासारखं, पण गरम. सुनंदाला सांगितलं नाही. एकदा कळलं म्हणजे दुसऱ्यांदा कळेलच असं नसतं. मी परत गॅलरीत गेलो आणि दुसरी माशी बांधायला घेतली. मग तिसरी.

खंडेनवमीला आक्का आमच्याकडे आली होती. आमच्या घरात त्या दिवशी हत्यारं पुजतात. पाटावर सुनंदाची कात्री, मशीनचं रीळ, विळी, माझा जुना पाना. पूजा आक्कानं मांडली. मी व्हाइस, चिमटी, टोचणी, बॉलपेनची नळी आणून पाटाच्या कडेला ठेवली. कोणी काही म्हणू नये अशा बेतानं ठेवली.

आक्का त्या नळीकडे बघत राहिली. "ह्ये पेन कशाला रं?"

"गाठ मारायचं हत्यार आहे ते."

"असंल बाबा." तिनं नळीला कुंकू लावलं. व्हाइसला लावलं. सगळ्यांना लावून झाल्यावर माझा उजवा हात ओढला, आखूड तर्जनीच्या शेंड्याला आणि मधल्या बोटाच्या शेंड्याला कुंकू टेकवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "यानला पन."

तसाच खोपोलीला गेलो. टूलरूममध्ये यंत्रांना झेंडूचे हार, फरशीवर रांगोळी, सगळीकडे उदबत्ती. मित्र भेटले, पेढे झाले. साहेब म्हणाले, "काका, आज सणाचा दिवस. परीक्षा राहू द्या ना."

"ठरलंय," मी म्हणालो.

लाकडी पेटी उघडली. स्लिप गेजला कुंकवाचा कण चालत नाही. सगळ्यांसमोर मी शॅमीच्या, म्हणजे मऊ कातड्याच्या, फडक्यानं दोन्ही बोटं पुसली, आधी कोरड्यानं, मग पेट्रोलच्या ओल्यानं, मग पुन्हा कोरड्यानं. आक्काला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंस. कामाला लागायचं तं हात साफ पायजे."

वीसचा ठोकळा घेतला, त्यावर दहाचा. सरकवला. सुटला. तळहातात पडला म्हणून वाचला.

"राहू द्या काका," साहेब हलकेच म्हणाले. "काही बिघडत नाही."

"थांबा जरा."

ठोकळा पुन्हा पुसला. तर्जनी बाजूला घेतली. ती नव्हती असं धरलं. मधलं बोट दहाच्या पाठीवर ठेवलं आणि दाबत सरकवायला लागलो, डोळे कुठेतरी समोरच्या हारावर. घसरतंय, घसरतंय, अजून नुसतं पोलाद. मग आतून ती जागा आली, दोरा तुटायच्या एक पाऊल अलीकडची. थांबलो. त्यावर दीडचा चढवला, तोही तसाच. साडेएकतीस मिलिमीटर.

मग मी वरचा छोटा ठोकळा तेवढा दोन बोटांत धरून सगळी चळत उचलली. खाली वीसचा जड ठोकळा अधांतरी. साहेबांनी पटकन पुढे होऊन त्याच्याखाली ओंजळ धरली. काळजीनंच धरली.

"हात काढा, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात काढले. ठोकळा जागचा हलला नाही.